पाटी हाती देण्याआधी

परभणीहून गंगाखेडकडे निघाले की वाटेत पोखर्णी लागते. परभणी–परळी लोहमार्गावर तिचे स्थानक आहे आणि त्याचे नावही नुसते पोखर्णी नाही, 'पोखर्णी नृसिंह' असे आहे. गावाची ओळखच देवावरून. पुष्कळ घराण्यांचा हा कुलस्वामी. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंहजयंतीच्या दिवशी, उन्हाची तमा न बाळगता माणसे दर्शनाला येतात. लेकीबाळी कडेवरची पोरे देवाच्या पायावर घालतात. त्यानंतर महिना-दीड महिन्यात मृगाचे ढग येतात आणि जूनच्या मध्यावर गावोगावच्या शाळांची घंटा वाजते. देवाच्या पायावर घातलेले ते पोर पुढे पाचसहा वर्षांनी अशाच एका जूनमध्ये शाळेच्या दारात उभे केले जाते.

या देवाची कथा कोणाला नव्याने सांगायला नको. खांब, उंबरठा, तिन्हीसांज, नखे, सारे लहानथोरांना पाठ असते. पण कथेचा एक भाग बहुधा घाईने उरकला जातो. भागवताच्या सातव्या स्कंधातली ही कथा सुरू होते ती शाळेपासून. हिरण्यकशिपूने आपला मुलगा शुक्राचार्यांचे पुत्र शंड आणि अमर्क यांच्या शाळेत घातला. प्रल्हादाचे वय तेव्हा पाच वर्षांचे. एके दिवशी बापाने त्याला मांडीवर घेतले आणि विचारले, बाळ, तुला काय चांगले वाटते ते सांग पाहू. उत्तर मनाजोगे आले नाही. पहिल्या खेपेला राजा हसला; पोराचे कोणी तरी कान भरले असतील, असे म्हणाला. गुरूंनी मुलाला परत नेले, आधी गोडीगुलाबीने विचारले, मग दरडावले आणि शेवटी छडी आणायला सांगितली. पुन्हा एकदा बापाने त्याला मांडीवर घेतले, इतके दिवस जे शिकलास त्यातले उत्तम ते म्हणून दाखव म्हणाला, आणि उत्तर ऐकताच मांडीवरचे लेकरू खाली ढकलून दिले.

यातला भक्तीचा भाग भक्तांनी सांगावा. मी मराठीचा मास्तर. मला या कथेतल्या दुसऱ्याच दोन गोष्टींचे नवल वाटत आले आहे. पहिली अशी की, प्रल्हाद जे शिकला ते शंडामर्कांच्या शाळेत नव्हे. आई कयाधू नारदाच्या आश्रमात असताना तिच्या पोटात राहून त्याने ते ऐकले होते. म्हणजे शाळेच्या आधी एक शाळा झाली होती, आणि ती कानांची होती. दुसरी गोष्ट अशी की, प्रल्हादाने आपले म्हणणे सवंगड्यांना सांगितले ते गुरू घरकामाला गेलेले असताना, खेळाच्या वेळेत. पुराणकाराने मूल कसे शिकते याचे मर्मच येथे सांगून ठेवले आहे. आईच्या पोटात मूल ऐकते ही गोष्ट आता प्रयोगांनीही मान्य केली आहे. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी दाखवून दिले की, अवघ्या काही दिवसांचे बालक परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज अधिक पसंत करते.

हे सारे आज, दिवाळीच्या दिवसांत, आठवण्याचे कारण साधे आहे. ज्या घरात पाच वर्षांचे झालेले किंवा होऊ घातलेले मूल आहे, त्या घराला पुढचा जून सात-आठ महिन्यांवर आला आहे. फराळाच्या ताटाभोवती पाहुणे बसले की विषय निघतोच: "यंदा पहिलीत ना? मग काय काय येतं त्याला?" आणि बाळाला मध्ये उभे करून आकडे, इंग्रजी अक्षरे, फळांची इंग्रजी नावे यांचा कार्यक्रम होतो. बाळ अडखळले की आईचा चेहरा उतरतो. शाळेची तयारी म्हणजे हीच, अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत आहे. माझे म्हणणे असे की, खरी तयारी निराळी आहे, ती स्वस्त आहे, ती अडाणी समजल्या जाणाऱ्या आईलाही उत्तम करता येते, आणि ती चुकली तर तिचे परिणाम महाविद्यालयापर्यंत पोचतात.

अक्षरांची घाई

पूर्वी मुलाचा विद्यारंभ होई तो पाचव्या वर्षी, चांगला दिवस पाहून. पंतोजींच्या शाळेत पहिली पाटी असे ती धुळपाटी. फळीवर बारीक धूळ पसरायची आणि तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे. चुकले की फळी हलवायची, अक्षर नाहीसे. आरंभी 'ॐ नमः सिद्धम्' गिरवायचे; त्याचाच पुढे 'ओनामा' झाला आणि कोणत्याही कामाच्या सुरुवातीला आपण हा शब्द वापरू लागलो. पंतोजींची छडी काही आपल्याला परत आणायची नाही. पण धुळपाटीत एक शहाणपण होते. तिच्यावर अक्षर मोठे निघे, ते बोटाने निघे आणि चूक पुसली जाई.

आज चार वर्षांच्या मुलाच्या हातात टोकदार पेन्सिल देऊन चौकटीच्या वहीत चिमुकली अक्षरे काढून घेतात. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती हाडे नसतातच म्हणा ना. ती असतात कूर्चेची, मऊ. वर्षावर्षाने एकेक टणक होत जाते आणि शेवटचे हाड कठीण व्हायला नऊ ते बारा वर्षे लागतात. अशा हाताला रोज दोन पाने लिहायला लावली तर हात दुखतो आणि मूल कंटाळते. आपण त्याला आळशी म्हणतो. दोष मुलाचा नसतो, घाईचा असतो.

या घाईमागे आईबापांचा मूर्खपणा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या मराठवाड्याने भाषेपायी फार सोसले आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. खालच्या वर्गांत मराठी शिकता येई, पण वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला गणित आणि भूगोल उर्दूतून समजून घ्यावे लागत. ज्यांना ते जमले ते कारकून झाले, वकील झाले. ज्यांना जमले नाही ते शेतावर परतले आणि आपल्याला डोके नाही असे जन्मभर समजत राहिले. दरबारची भाषा आली नाही तर पोट भरत नाही, हा धडा त्या पिढीने घेतला आणि नातवंडांपर्यंत पोचवला. उर्दूची जागा आता इंग्रजीने घेतली आहे, इतकेच. सकाळी शहराकडे पोरे भरून नेणाऱ्या गाड्या दिसतात त्या याच भीतीवर चालतात.

पण त्या अनुभवाचा दुसरा अर्थही घेता येतो. परक्या भाषेत पहिले पाऊल टाकायला लावल्यामुळे किती हुशार पोरे मागे राहिली, हाही त्याच इतिहासाचा धडा आहे. इंग्रजी अवश्य शिकावी. ती वाघिणीचे दूध आहे असे आपण म्हणत आलो. पण आईच्या दुधावर वाढलेल्या पोरालाच ते पचते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावे असेच म्हटले आहे. आणि प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा आईबापांची चाचणी घेण्याला तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने बंदीच आहे. पहिलीत जाण्यासाठी मुलाला काहीही 'यावे लागत' नाही. ही गोष्ट प्रत्येक आईने ध्यानात ठेवावी.

टेकडीवरची शाळा

मग तयारी कशाची करायची? याचे उत्तर महाराष्ट्राला दोन बायांनी दिले आहे. ताराबाई मोडक उच्चशिक्षित. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्यांनी काम केले. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले.

शहरातली महागडी साधने खेड्यात चालणार नाहीत, हे दोघींना लवकरच उमगले. त्यांनी शंखशिंपले, गोटे, पाने, बिया, माती हीच साधने केली. पुढे लक्षात आले की, बालवाडी चांगली असली तरी गरिबांची मुले तेथवर येत नाहीत. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे असते, कोणाला गुरांमागे जायचे असते. तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली; ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली, ती विकासवाडी. सकाळी मुलांची नखे कापायची, तोंडे धुवायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. अक्षरे सर्वांत शेवटी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातील तेहेतीस ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडी हेच. आज देशभर बोलला जाणारा हा शब्द आपल्या मराठी अंगणातून गेला आहे.

कोसबाडने शिकवलेली मुख्य गोष्ट अशी: मूल शाळेसाठी तयार व्हावे, त्याबरोबरच शाळेनेही मुलासाठी तयार व्हावे. घरापुरते बोलायचे तर तयारी आहे ती हातांची, कानांची, जिभेची आणि मनाची.

घरातली साधने

हातांपासून सुरुवात करू. शेंगा फोडणे, लसूण सोलणे, डाळीतले खडे निवडणे, सुईत दोरा ओवणे, कणकेच्या गोळ्याचे बैल करणे, या सगळ्यात चिमूट घट्ट होते. पेन्सिल धरायला लागते ती हीच चिमूट. दिवाळीत तर घर म्हणजे कार्यशाळाच. आई करंजी लाटते तेव्हा कडा दाबायला मुलाला बसवावे. अंगणात ठिपके काढून द्यावेत आणि ते जोडायला सांगावे. रांगोळीची रेघ वाकडी गेली तरी पुसता येते. धुळपाटीचाच हा दुसरा अवतार. ज्या मुलाने वर्षभर ठिपके जोडले, त्याला पुढे ग, म, भ, न यांची वळणे जड जात नाहीत.

मग कान. वाचायला शिकणे म्हणजे आधी ऐकायला शिकणे. 'कमळ' या शब्दात क, म, ळ असे तीन ठोके आहेत, हे डोळ्यांच्या आधी कानांना कळावे लागते. आपली लिपी या बाबतीत मुलाला फार मदत करते; प्रत्येक ठोक्याला तिच्यात एकेक अक्षर आहे. शब्द म्हणावा आणि ठोक्यागणिक टाळी वाजवावी. 'मा'ने सुरू होणारी माणसे घरात कोण कोण, असे विचारावे: मामा, मामी, मावशी, माय! शेवटच्या अक्षरावरून भेंड्या खेळाव्यात. कोडी घालावीत. आजीच्या ओव्या, अंगाईगीते, जात्यावरची गाणी यांनी हेच काम शतकानुशतके केले. पोखर्णीच्या पुढे गोदाकाठी गंगाखेड, जनाबाईचे गाव. तेथल्या घराघरांत जाते फिरत असताना मांडीवर डोके ठेवून पडलेली लेकरे भाषा ऐकत होती. आता जाती थांबली आणि ते ऐकणेही थांबले. त्याच्या जागी मूल गप्प बसावे म्हणून हाती मोबाईल येतो. मोबाईल पुष्कळ बोलतो हे खरे. पण तो मुलाचे ऐकून घेत नाही, त्याला उलट प्रश्न विचारत नाही. बोलणे फुटते ते बोलणाऱ्याला ऐकणारा मिळाला म्हणजे.

म्हणून जिभेसाठी औषध एकच, मुलाशी बोलणे. "आज रानात काय पाहिलंस?" "मग म्हैस कुठं गेली?" "तू असतास तर काय केलं असतंस?" अशा प्रश्नांची उत्तरे एका शब्दात देता येत नाहीत. रोज रात्री एक गोष्ट सांगावी आणि दुसऱ्या दिवशी तीच मुलाकडून ऐकावी. मधला भाग त्याने बदलला तर बदलू द्यावा. आई स्वतः चार बुके शिकलेली नसली तरी यात काही अडत नाही.

अंकांचीही अशीच गोष्ट. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारे मूल पाच शेंगा आणून दे म्हटले की सात आणते. कारण त्याला आकड्यांचे गाणे येते, आकडे येत नाहीत. आणि मराठी आकडे खरोखर अवघड आहेत. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन आधी. पोर बावन्न लिहिते आणि मार खाते. 'एकोणतीस' समजायला तीसमधून एक वजा करायला हवा. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी सोपी वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढे वादळ उठले आणि विधानसभेपर्यंत गेले ते वाचकांना आठवत असेल. पंचवीस, एकोणतीस हे आपले जुने शब्द मलाही प्रिय आहेत. पण तेलुगू मूल मुळातच वीस-एक म्हणते आणि त्याचे बोलणे व लिहिणे जुळते, हे विसरू नये. पहिलीआधी दहाच्या पुढे जाण्याची घाई कशाला? लक्ष्मीपूजनाला पणत्या मांडताना दहा मोजाव्यात, दोन विझल्या तर किती उरल्या ते पाहावे. पाहुणे आठ आले, ताटे सहा मांडली, आणखी किती लागतील? हे ज्याला उलगडले त्याला पुढचे सारे गणित मास्तर शिकवतील.

राहिले मन. स्वतःच्या हाताने जेवणे, चड्डीचे बटण लावणे, लघवीला जायचे आहे हे न लाजता सांगणे, आपली वस्तू ओळखणे, खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबणे, या गोष्टी लहान दिसतात. पण पहिल्या आठवड्यातले निम्मे रडणे यांच्यापायीच असते. आणि एक पथ्य कडक पाळावे. "थांब, शाळेत घालते तुला, मग मास्तर चांगला सरळ करतील!" हे वाक्य घरातून हद्दपार करावे. वर्षभर ज्या जागेची बागुलबुवासारखी भीती घातली, त्या जागेत मूल हसत कसे जाईल? त्यापेक्षा उन्हाळ्यात दोन-चार वेळा त्याला शाळेच्या पटांगणात खेळायला न्यावे, मास्तरांची, बाईंची ओळख करून द्यावी, हातपाय धुवायचा नळ, पाण्याची टाकी दाखवावी. पाहिलेल्या जागेची भीती निम्मी होते.

लेकराची बोली

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो. आमच्या महाविद्यालयात आसपासच्या खेड्यांतून मुले येतात. कविता वाचून झाली की मी विचारतो, कोणाला काय वाटले? वर्गात शांतता. मुले समंजस आहेत, पेपरात लिहितात, पारावर आणि बसस्थानकावर तीच मुले तासतास रंगून बोलतात. वर्गात उभी राहिली की मान खाली. कारण खोलात जाऊन विचारले की पुष्कळांचे उत्तर एकच येते: "सर, आमचं बोलणं चुकतं." अठरा वर्षांच्या मुलाला हे कोणी सांगितले? त्याला सहाव्या वर्षी सांगितले गेले आहे.

घरी पोर म्हणते, "म्या जेवायलो." शाळेत त्याला सांगतात, असे नाही, 'मी जेवत आहे' म्हण. पोर म्हणते, "लई पाणी आलं." हसून दुरुस्ती होते, 'खूप' म्हण. चार वेळा असे झाले की शहाणे मूल ठरवते, तोंडच उघडायचे नाही. बोलके लेकरू जूनमध्ये शाळेत जाते आणि दिवाळीपर्यंत मुके होते. घरीही हेच चालते, शहरातली पाहुणी येणार म्हटले की आई दटावते, "नीट बोल, खेडवळासारखं नको."

मराठीचा अभ्यास करणाऱ्याने हे स्पष्ट सांगितले पाहिजे की, या बोलीत अशुद्ध काही नाही. ती निराळी आहे. पुस्तकी मराठी घडली ती मुख्यतः पुण्या-मुंबईकडच्या शिष्ट बोलीवरून, आणि तीही गेल्या दीडदोनशे वर्षांत, छापखाने आणि शाळाखात्याच्या गरजेतून. मराठीचे जुने वाङ्मय मात्र आमच्या गोदाकाठचे. मुकुंदराज आंबेजोगाईचे, नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडची मानली जाते; ज्ञानदेवांचे आपेगाव पैठणजवळ. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात चक्रधरांभोवतीची साधी माणसे बोलतात, रुसतात, भांडतात ती त्या काळच्या बोलीत, आणि म्हाइंभटांनी ते बोलणे तसेच टिपून ठेवले म्हणून आज ते आपल्या गद्याचे भूषण आहे. ज्या मातीतल्या लोकांचे बोलणे साडेसातशे वर्षांपूर्वी ग्रंथात जाण्याच्या योग्यतेचे ठरले, त्या मातीतल्या लेकराने 'लई' म्हटले तर काय बिघडले?

पुस्तकी भाषा मुलाला यायलाच हवी. तिच्यावाचून पुढचे शिक्षण नाही, नोकरी नाही. पण ती आणखी एक भाषा म्हणून यावी, पहिली खोडून नव्हे. मूल म्हणाले, "गाय पळाली तिकडं लई लांब," तर मास्तरांनी विचारावे, "अरे वा, लांब पळाली? मग कोणी धरली?" दोनचार वेळा आपल्या बोलण्यात 'खूप लांब' आणावे. सहा महिन्यांत मूल आपण होऊन दोन्ही वापरू लागते. आईबापांनी तर ही काळजी करूच नये. त्यांचे काम आपल्या बोलीत भरपूर बोलण्याचे. शाळेची खरी तयारी झाली आहे की नाही, हे ओळखण्याची माझी कसोटी ही आहे: मूल अनोळखी माणसासमोर न भिता चार वाक्ये बोलते का? कोणत्या बोलीत, हा प्रश्न नंतरचा.

पहिले पाऊल

आनंदाची गोष्ट अशी की, सरकारच्या ध्यानातही हे आले आहे. २०२२ पासून राज्यातल्या शाळांत 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले. मुलाचे नाव नोंदवून त्याला एकेका टेबलाशी नेतात. कोठे दोरीवरून चालणे, उडी मारणे. कोठे मणी ओवणे, रंग भरणे. कोठे चित्र पाहून गोष्ट सांगणे. कोठे वस्तू मोजणे, लहानमोठे ओळखणे. शेवटी आईशी बोलणे आणि घरी करायच्या खेळांची माहिती. गल्लीतल्या आयांचे गट करावेत, त्यांनी आठवड्याला जमून मुलांकडून हे खेळ करून घ्यावेत, अशी योजना आहे. यात गुणांकन नाही, पास-नापास नाही. आपल्या गावी असा मेळावा भरला तर आईने पोराला घेऊन अवश्य जावे, आणि बापानेही. मेळाव्यात बाप फार थोडे दिसतात.

दिवाळीनंतरचा रस्ता

पण आमच्या भागात एक तयारी अशी आहे की तिच्यापुढे वरचे सारे फिके पडते. दिवाळी होते, फराळाचे डबे अजून रिकामे झालेले नसतात, आणि रस्त्याने ट्रक-ट्रॅक्टर जाऊ लागतात. वर भांडीकुंडी, कडब्याच्या पेंढ्या, शेळ्या आणि पोरे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला सर्वांत जास्त माणसे जातात, पण गंगाखेड-पालम या आमच्या बाजूनेही जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. गाळप संपेपर्यंत, फाल्गुन-चैत्रापर्यंत, मुक्काम कारखान्याकडच्या कोपीत. जूनमध्ये ज्याचे नाव पहिलीच्या हजेरीत पडले ते मूल दिवाळीनंतर उसाच्या फडावर धाकट्या भावाला सांभाळत बसते. चार महिन्यांत जी अक्षरे आली ती पाच महिन्यांत जातात, आणि पुढच्या जूनला ते दुसरीत बसते. गुरुजींना वाटते पोर ढ आहे.

यावर उपाय झाले आहेत. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या होत्या. आता गावातच हंगामी वसतिगृहांची सोय केली जाते. आईबाप गेले तरी मूल आजी-आजोबांकडे राहावे, त्याला शाळेत जेवण मिळावे, हा त्यामागचा हेतू. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षणहमी कार्ड देण्याचीही पद्धत आहे; ते दाखवले की जेथे मुक्काम असेल तेथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे. पण सहा वर्षांचे मूल आईला सोडून राहत नाही, आणि आईचाही जीव राहत नाही. म्हणून अगदी पहिलीच्या वयाचीच मुले या सोयींतून निसटतात.

अशा घरांना एवढेच सांगता येईल: गाडीत बसण्याआधी गुरुजींना भेटून कार्ड मागून घ्या, आणि बोचक्यात पाटी ठेवा. रात्री कोपीत दमून आलेल्या आईने पोराला एक गोष्ट सांगितली, आणि उसाच्या कांड्या दहापर्यंत मोजायला लावल्या, तरी त्याचे वर्ष सारे वाया जाणार नाही. आणि जी आजी गावात राहणार आहे, तिच्याकडे नातवंड ठेवणे शक्य असेल तर शेजाऱ्यांनी तिला हात द्यावा. शेजारचे एक पोर आपल्या पोराबरोबर शाळेत पोचवले तर कोणाचे काय जाते? ही मदत कोणत्याही वर्गणीपेक्षा मोठी आहे.

पहिल्या दिवसाचा प्रश्न

जून येईल. शाळेत पताका लागतील, नव्या मुलांना फुले देतील, कोरी पुस्तके मिळतील. आईने दारापर्यंत जावे, किती वाजता न्यायला येणार ते खरे सांगावे आणि त्या वेळेला हजर राहावे. न सांगता पळून जाऊ नये. फसवलेले मूल दुसऱ्या दिवशी दाराशीच अडते. रडले तर रडू द्यावे, हिणवू नये. आठ-पंधरा दिवसांत बहुतेक मुले रुळतात.

संध्याकाळी बाप शेतावरून किंवा कचेरीतून येईल, मुलाला मांडीवर घेईल आणि विचारील, "काय शिकलास आज?" प्रश्न प्रेमाचाच असतो. हिरण्यकशिपूचाही होता. त्याचे चुकले ते प्रश्नात नव्हे, उत्तर ऐकण्यात. त्याला हवे असलेले उत्तर त्याच्या मनात आधीच तयार होते. पहिल्या दिवशी मूल काहीच शिकलेले नसते. त्याने एका मुलाची टोपी पाहिलेली असते, खिचडीत वाटाणे होते ते मोजलेले असतात, खिडकीवर एक सरडा आलेला असतो. ते सारे त्याला सांगायचे असते, आपल्या बोलीत, आपल्या गतीने. बापाने ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे आणि मग विचारावे, "मग सरड्यानं काय केलं?"